तेलात घोटलेले मृत जंतू

पहिल्या महायुद्धानंतरच्या वर्षांत पॅरिसजवळच्या गार्श येथे पाश्चर इन्स्टिट्यूटच्या तबेल्यात घोडे पाळले जात, ते घटसर्पाचे प्रतिविष मिळवण्यासाठी. घोड्याला घटसर्पाच्या जंतूचे विष सौम्य करून टोचायचे, काही आठवड्यांनी त्याचे रक्त काढायचे आणि त्यातून मिळणारा सीरम आजारी मुलांना द्यायचा, असा तो उद्योग होता. तिथे काम करणाऱ्या गास्तों रामों या पशुवैद्याच्या लक्षात आले की, टोचल्या जागी ज्या घोड्यांना गळू होते, त्यांच्या रक्तात प्रतिविष अधिक तयार होते. मग त्याने मुद्दामच दाह निर्माण करायला सुरुवात केली. टोचायच्या द्रावात त्याने पावाचा चुरा घातला, टॅपिओका घातला (आपला साबुदाणा ज्या कंदापासून होतो त्याचेच हे पीठ), आणि 1925 मध्ये या प्रयोगांची हकीकत प्रसिद्ध केली. पुढच्याच वर्षी लंडनजवळ अलेक्झांडर ग्लेनी आणि त्याच्या सहकाऱ्यांनी तुरटी वापरून तसाच परिणाम साधला. तुरटीच्या कुळातले अॅल्युमिनिअमचे क्षार आजही धनुर्वाताच्या आणि घटसर्पाच्या लशीत असतात. लशीच्या मुख्य घटकाचा जोर वाढवणाऱ्या अशा द्रव्याला अॅडज्युव्हंट म्हणतात. रामोंला आणि ग्लेनीला त्यामागचे कारण ठाऊक नव्हते. विरजण लावणाऱ्याला जीवाणू माहीत असावे लागत नाहीत. दही लागते एवढे पुरते. तसेच हे ज्ञान हाताला आधी कळलेले होते.

क्षयाच्या जातीचे जंतू शरीरात शिरले की आपल्या भक्षक पेशी त्यांना कशा ओळखतात, याचे आजचे उत्तर त्या पेशींच्या रिसेप्टरांमध्ये आहे. ही रेणूंची एक जन्मजात यंत्रणा आहे आणि तिचा शोध 1990 च्या दशकाच्या अखेरीपासून लागत गेला असे पाठ्यपुस्तके सांगतात. तारखा बरोबर आहेत, पण तो इतिहास चुकीच्या जागी सुरू होतो असे माझे म्हणणे आहे. क्षयजंतूंच्या बाबतीत ही यंत्रणा प्रयोगशाळांच्या हाताखाली निदान सहा दशके आधीपासून काम करत होती. रोज वापरली जात होती, मोजली जात होती, आणि तिला चालना देणारे रेणू एकामागून एक शुद्ध करून बाटल्यांत भरले जात होते. उणीव माहितीची नव्हती. त्या माहितीला सिद्धान्तात जागा मिळत नव्हती.

क्षयजंतूंमध्ये प्रतिकार वाढवणारे काही आहे याची पहिली खूण 1924 ची आहे. पॉल लुईस आणि डॉरोथी लूमिस यांनी क्षय झालेल्या गिनीपिगना मेंढीच्या तांबड्या पेशी टोचल्या. क्षयाचा आणि या पेशींचा काही संबंध नाही. तरीही आजारी प्राण्यांनी त्या पेशींविरुद्ध निरोगी प्राण्यांपेक्षा जास्त प्रतिपिंडे तयार केली. क्षयजंतूच्या सान्निध्यात शरीर इतर परक्या वस्तूंकडेही अधिक गांभीर्याने पाहू लागते, असा याचा अर्थ होतो. लुई डीनेस याने अंड्यातले प्रथिन थेट क्षयाच्या गाठीत टोचून असाच परिणाम पाहिला. बुडापेस्टमध्ये जन्मलेला आणि न्यूयॉर्कमध्ये काम करणारा ज्यूल्स फ्रॉइंड याने आजारी प्राण्याची गरजच संपवली. 1937 मध्ये त्याने आणि सहकाऱ्यांनी मारलेले क्षयजंतू पॅराफिन तेलात मिसळून टोचले. पुढे 1940 च्या दशकात त्याने ही कृती पक्की केली: ज्याविरुद्ध प्रतिकार हवा ते प्रथिन पाण्यात, ते पाणी तेलात घोटलेले, आणि तेलात मृत क्षयजंतू. जगभरच्या प्रयोगशाळांत विद्यार्थी हे मिश्रण हाताने करायला शिकले. दोन सिरिंज तोंडाला तोंड लावून जोडायच्या आणि द्राव इकडून तिकडे ढकलत राहायचा, तो दाट पांढरा होईपर्यंत. मग एक थेंब पाण्यावर टाकून पाहायचा. तो पसरला तर आणखी घोटायचे, तसाच गोळा राहिला तर मिश्रण तयार. त्यात घालायचे जंतू बहुधा एच-37-आरए या वाणाचे असत. 1905 मध्ये अमेरिकेतल्या एका क्षयरुग्णाकडून मिळालेल्या जंतूंपासून पुढे निघालेला हा निरुपद्रवी वाण आहे.

फ्रॉइंडच्या कृतीची दोन रूपे होती. जंतू असलेल्या मिश्रणाला पूर्ण म्हणत, जंतूंविना नुसत्या तेलाच्या मिश्रणाला अपूर्ण. माझ्या मते या साध्या तुलनेत सगळ्या प्रश्नाचे बीज आहे. अॅडज्युव्हंट काम का करतो, याचे त्या काळी सर्वमान्य असलेले स्पष्टीकरण साठ्याचे होते: तेल किंवा तुरटी प्रथिनाला एका जागी धरून ठेवते आणि ते हळूहळू झिरपत राहते. स्पष्टीकरण खोटे नाही, पण अपुरे आहे, कारण साठा दोन्ही मिश्रणांत सारखाच होता. तरी अपूर्ण मिश्रणातून मुख्यतः प्रतिपिंडे मिळत आणि पूर्ण मिश्रणातून त्याशिवाय पेशींच्या मार्फत चालणारा तीव्र प्रतिकारही. हा फरक फक्त मृत जंतूंनी केला होता. त्यांची ताकद किती, हे 1947 मध्ये उघड झाले. त्यापूर्वी 1930 च्या दशकात थॉमस रिव्हर्सने माकडांना मेंदूचा अर्क कित्येक महिने वारंवार टोचून त्यांच्या मज्जासंस्थेवर त्यांचीच प्रतिकारशक्ती उलटवली होती. 1947 मध्ये फ्रॉइंड आणि इतर दोन गटांनी तेच मेंदूचे ऊतक मृत क्षयजंतूंसह तेलात मिसळून दिले आणि मोजक्या टोचण्यांत, काही आठवड्यांत प्राणी आजारी पडले. 1956 मध्ये कार्ल पिअर्सनने दाखवले की उंदरांना नुसते फ्रॉइंडचे पूर्ण मिश्रण दिले तरी सांधे सुजतात. मल्टिपल स्क्लेरोसिस आणि संधिवात यांवरच्या औषधांच्या चाचण्या पुढे अनेक दशके या दोन नमुन्यांवर झाल्या. इतका मोठा पुरावा डोळ्यांसमोर असताना मूळ प्रश्न मात्र कुणी मध्यभागी आणला नाही. मृत जंतूतले काय कोणत्या पेशीला कळते, हा तो प्रश्न. त्या काळाचे लक्ष दुसरीकडे होते. 1957 मध्ये फ्रँक मॅकफार्लेन बर्नेटने क्लोनल निवडीचा सिद्धान्त मांडला आणि प्रत्येक लिम्फोसाइट (प्रतिकार करणारी पांढरी पेशी) स्वतःचा एकच ठरलेला प्रतिजन, म्हणजे परका रेणू, कसा ओळखते, याभोवती सगळे शास्त्र फिरू लागले. लिम्फोसाइटला जागे कोण करते, या प्रश्नाला त्या मांडणीत घर नव्हते. फ्रॉइंडला 1959 मध्ये लास्कर पुरस्कार मिळाला आणि पुढच्या वर्षी तो वारला, पण त्याची कृती पुस्तकांत साहित्य आणि पद्धती या लहान अक्षरांतल्या भागातच राहिली.

प्रश्न जिवंत ठेवला तो रसायनशास्त्रज्ञांनी, आणि या इतिहासात त्यांना मिळते त्यापेक्षा मोठी जागा मिळायला हवी. क्षयजंतू मेणकट असतो. त्याच्या भिंतीत इतर बहुतेक जंतूंत न सापडणारी लांबलचक स्निग्धाम्ले (मायकोलिक आम्ले) असतात, आणि म्हणूनच तो एकदा घेतलेला रंग आम्लाने धुतला तरी सोडत नाही. थुंकीच्या तपासणीत तो सापडतो तो याच गुणामुळे. 1920 च्या दशकाच्या उत्तरार्धापासून येल विद्यापीठात रुडॉल्फ अँडरसनने ही स्निग्ध द्रव्ये एकेक करून वेगळी काढायला घेतली आणि रॉकफेलर इन्स्टिट्यूटमध्ये फ्लॉरेन्स साबिनने ती प्राण्यांना टोचून पाहिली. जंतू नाही, जंतूचा संसर्ग नाही, केवळ त्याच्या अंगातली चरबी, आणि तरीही प्राण्यात क्षयाच्या गाठींसारख्या गाठी उठल्या. हा निष्कर्ष आज वाचताना थांबायला होते. भक्षक पेशी एका विशिष्ट रेणूला विशिष्ट प्रतिसाद देतात हे त्यात स्पष्ट दिसते. फक्त त्या पेशीवरच्या रिसेप्टरचे नाव अजून नव्हते. 1947 मध्ये रॉकफेलरमध्येच मिडलब्रुक, द्यूबो आणि पिअर्स यांनी नोंदवले की घातक क्षयजंतू दोरखंडासारखे एकमेकांना चिकटून वाढतात. 1950 मध्ये ह्युबर्ट ब्लॉखने पेट्रोलियम ईथरने त्यांच्यावरचा एक पदार्थ काढून घेतला, तो उंदरांना विषारी ठरला, आणि त्याचे नाव कॉर्ड फॅक्टर पडले. 1956 मध्ये ब्लॉख, फ्रान्सचा एडगर लेडेरर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याची रचना उलगडली: ट्रेहॅलोज या साखरेला जोडलेल्या मायकोलिक आम्लाच्या दोन साखळ्या.

याच लेडेररच्या गटाने 1974 मध्ये फ्रॉइंडच्या मिश्रणातला सर्वांत छोटा कार्यकारी तुकडा शोधला. संपूर्ण जंतूऐवजी त्याच्या भिंतीतली एक साखर आणि तिला जोडलेली दोन अमिनो आम्ले, एवढा तुकडा तेलात घातला तरी चालतो, हे त्यांनी दाखवले. त्याला म्युरामिल डायपेप्टाइड म्हणतात. 1984 मध्ये तोक्योत तोहरू तोकुनागा आणि सहकारी एका वेगळ्याच हेतूने बीसीजी या क्षयाच्या लशीतल्या जंतूंचे तुकडे करत होते. बीसीजीमुळे कर्करोगाच्या काही गाठी विरघळतात हे माहीत झाले होते. 1976 मध्ये आल्व्हारो मोरालेसने मूत्राशयाच्या कर्करोगात ते वापरलेही होते आणि आजही ते वापरले जाते. तोकुनागांना हे काम करणारा अंश सापडला, आणि तो होता डीएनए. जंतूच्या डीएनएने प्रतिकारशक्ती जागी होते हे तेव्हा पटणे अवघड होते, पण डीएनए तोडणारे एन्झाइम टाकले की परिणाम जाई, एवढा पुरावा पुरेसा होता. म्हणजे 1984 पर्यंत तीन वेगळे रेणू हातात होते: कॉर्ड फॅक्टर, म्युरामिल डायपेप्टाइड आणि जंतूचा डीएनए. तिन्ही क्षयजंतूच्या कुळातून आलेले, आणि तिन्हींना ओळखणारा रिसेप्टर अज्ञात.

1989 मध्ये येलच्या चार्ल्स जेनवेने कोल्ड स्प्रिंग हार्बरच्या परिषदेत ही कोंडी उघडपणे मांडली. शुद्ध प्रथिन टोचले तर प्रतिकार जेमतेम होतो आणि त्यात मृत जंतू घातले की जोरात होतो, हे सगळ्यांना ठाऊक असलेले पण कुणी न बोललेले गुपित आहे असे त्याने म्हटले, आणि त्यातून अनुमान काढले: जंतूंच्या सर्वसाधारण खुणा ओळखणारे जन्मजात रिसेप्टर असलेच पाहिजेत, आणि त्यांच्या इशाऱ्याशिवाय लिम्फोसाइट हलत नाहीत. 1996 मध्ये ज्यूल्स हॉफमनच्या स्ट्रासबुर्ग गटाने फळमाशीतला टोल रिसेप्टर बुरशीविरुद्ध लढतो हे दाखवले. 1997 मध्ये रुस्लान मेद्झितोव्ह आणि जेनवे यांना त्याचा मानवी भाऊबंद सापडला, 1998 मध्ये ब्रूस बॉयटलरने एंडोटॉक्सिन (काही जंतूंच्या भिंतीतले विष) ओळखणारा, टोलच्याच कुळातला टीएलआर-4 शोधला. त्यानंतर बाटल्यांवर नावे चढू लागली. 1999 मध्ये क्षयजंतूचे एक लिपोप्रोटीन टीएलआर-2 ला कळते हे दिसले. 2000 मध्ये जंतूच्या डीएनएसाठी टीएलआर-9 मिळाला. 2003 मध्ये म्युरामिल डायपेप्टाइडचा रिसेप्टर नॉड-2 निघाला, तोही पेशीच्या आत, पृष्ठभागावर नव्हे. 2009 मध्ये जपानमधल्या शो यामासाकी यांच्या गटाने कॉर्ड फॅक्टर ओळखणारा मिंकल शोधला. रचना कळल्यापासून रिसेप्टर मिळेपर्यंत कॉर्ड फॅक्टरला 53 वर्षे वाट पाहावी लागली, म्युरामिल डायपेप्टाइडला 29, बीसीजीच्या डीएनएला 16.

इथे पहिला आक्षेप येतो. टोलचा शोध माशीतून आणि एंडोटॉक्सिनमधून लागला, क्षयजंतूतून नाही. मग तबेल्यांना आणि तेलाला श्रेय देणे म्हणजे निकाल माहीत असताना मागे वळून वंशावळ रचणे नव्हे का? शिवाय इल्या मेचनिकॉफने 1880 च्या दशकात मेसिना येथे तारामाशाच्या अळीत भक्षक पेशी पाहिल्या आणि 1908 मध्ये त्याला नोबेलही मिळाले. जन्मजात प्रतिकारशक्तीचा जनक तोच. मेचनिकॉफबद्दलचा मान मी कमी करत नाही, पण त्याने गिळणे पाहिले. गिळण्यापूर्वी ओळखणे कसे होते आणि त्या ओळखीतून लिम्फोसाइटना कसा निरोप जातो, हा प्रश्न त्याच्या निरीक्षणातून निघत नाही. तो निघतो फ्रॉइंडच्या दोन मिश्रणांतल्या फरकातून, आणि जेनवेने तो तिथूनच उचलला. माशीने जनुक दिले, प्रश्न अॅडज्युव्हंटने दिला. प्रश्न नसता तर मानवी टोल हे आणखी एक अनाम प्रथिन राहिले असते. एंडोटॉक्सिनचा दाखला तर माझ्याच बाजूचा आहे, कारण ते प्रतिपिंडे वाढवते हे आर्थर जॉन्सन आणि सहकाऱ्यांनी 1956 मध्येच दाखवले होते.

दुसरा आक्षेप जास्त जड आहे, आणि तो प्रयोगातून आलेला आहे. 2006 मध्ये ज्या उंदरांमध्ये टोल रिसेप्टरांचा निरोप पुढे नेणारे दोन्ही मार्ग बंद केले होते त्यांना फ्रॉइंडचे पूर्ण मिश्रण देऊन पाहिले गेले, आणि प्रतिपिंडांचा जोर तरीही वाढला. म्हणजे अॅडज्युव्हंटचे सामर्थ्य टोलमुळे आहे ही सोपी गोष्ट कोसळली. काहींनी यावरून जेनवेची संपूर्ण मांडणीच संशयास्पद ठरवली. मला यातून वेगळे दिसते. टोल हा एक दरवाजा होता, एकमेव नव्हता. मिंकलसारख्या रिसेप्टरांचा निरोप कार्ड-9 या वेगळ्या प्रथिनामार्फत जातो. कॉर्ड फॅक्टरचा अॅडज्युव्हंट परिणाम त्याच वाटेने होतो हे 2009 आणि 2010 मधल्या कामांत दिसले, आणि कार्ड-9 नसलेले उंदीर क्षयाने लवकर मरतात हेही 2010 मध्येच कळले. याउलट एकट्या टीएलआर-2 शिवाय उंदीर मोजक्या जंतूंच्या संसर्गात बऱ्यापैकी तग धरतात. फ्रॉइंडने जे एक मिश्रण म्हणून वापरले त्यात अनेक इशारे एकत्र होते, आणि म्हणूनच एक वाट अडवली तरी ते चालले. 2006 चा प्रयोग मृत जंतूंच्या अंगात किती काही भरलेले आहे याचाच पुरावा आहे. रसायनशास्त्रज्ञांनी तर तीन वेगळ्या बाटल्या आधीच भरून ठेवल्या होत्या.

तिसरा आक्षेप मात्र मी अर्धा मान्य करतो. मेलेला जंतू टोचून मिळालेले ज्ञान जिवंत जंतूच्या रोगाला लागू होते का? जिवंत क्षयजंतू निष्क्रिय नसतो. त्याच्या पृष्ठभागावरचे काही मेद टीएलआर-2 ला लागणाऱ्या खुणा झाकून टाकतात. त्याच्या भिंतीतले मॅनोज या साखरेची टोपी घातलेले एक द्रव्य डेंड्रिटिक या पहारेकरी पेशींवरच्या डीसी-साइन या रिसेप्टरला चिकटून दाहाऐवजी शमनाचा निरोप देते. मॅनोज रिसेप्टरमार्फत पेशीत शिरणे त्याच्या सोयीचेही असते. मग रिसेप्टर हे शरीराचे पहारेकरी की जंतूचे प्रवेशद्वार, हे प्रसंगावर ठरते. 1996 मध्ये असे आढळले की काही बालकांत इंटरफेरॉन-गॅमा या लिम्फोसाइटच्या संदेशद्रव्याचा रिसेप्टर जन्मतः निकामी असतो आणि त्यांना बीसीजीची सौम्य लसही अंगभर पसरून घातक ठरते; म्हणजे जन्मजात ओळखीनंतर लिम्फोसाइटकडून परत येणारा हुकूम नसेल तर ओळख वाया जाते. हे सारे मृत जंतूंच्या इतिहासातून शिकता आले नसते. पण जंतू जे झाकतो ते काय आहे हे आधी माहीत असल्याशिवाय झाकणे दिसत नाही, आणि ती माहिती तेलातल्या मिश्रणातून आली.

याच कुळातल्या मारलेल्या जंतूंचा माणसांवरचा सर्वांत मोठा उपयोग तपासला गेला तो भारतात. परळच्या इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटरमध्ये बापट, कमल रणदिवे आणि व. रा. खानोलकर यांनी 1958 मध्ये कुष्ठरुग्णाच्या ऊतकातून आम्लस्थिर जंतू वाढवल्याचे प्रसिद्ध केले. संस्थेच्या आद्याक्षरांवरून तो आयसीआरसी जंतू म्हणून ओळखला जातो. त्यापासून एम. जी. देव यांच्या गटाने कुष्ठरोगाची लस तयार केली. तमिळनाडूतल्या चेंगलपट्टू भागात 1968 पासून झालेल्या प्रचंड चाचणीत बीसीजीने प्रौढांच्या फुप्फुसांच्या क्षयापासून संरक्षण दिले नव्हते. त्याच भागातल्या कुष्ठरोगाच्या चाचणीचे निकाल 1998 मध्ये आले, तेव्हा मुंबईच्या या लशीने सुमारे 65 टक्के संरक्षण दिले आणि बीसीजीने सुमारे 34 टक्के. दोन लशी, दोन्ही क्षयाच्या जातीच्या जंतूंच्या, आणि फरक जवळपास दुपटीचा. कोणत्या रिसेप्टरला कोणता रेणू मिळाला म्हणून हा फरक पडला, हे त्या काळच्या साधनांनी विचारता आले नाही. आज विचारता येते, आणि विचारले पाहिजे, कारण जगातल्या क्षयरुग्णांपैकी सुमारे चौथा हिस्सा या देशात आहे.

म्हणून क्षयाच्या नव्या लशींत अॅडज्युव्हंट काय आहे, हे त्यातल्या प्रथिनाइतक्याच बारकाईने वाचायला हवे. कोपनहेगनच्या स्टेटेन्स सीरम इन्स्टिट्यूटने बनवलेल्या सीएएफ-01 मध्ये कॉर्ड फॅक्टरचा कृत्रिम, सौम्य भाऊबंद आहे, आणि तो मिंकलमार्फत काम करतो. साबिन आणि ब्लॉख यांच्या कामाशी याचे नाते सरळ आहे. सर्वांत पुढे गेलेली एम-72 ही लस मात्र दुसऱ्या वाटेने जाते. 2019 मध्ये प्रसिद्ध झालेल्या तीन वर्षांच्या निष्कर्षांत, क्षयजंतूचा संसर्ग आधीच झालेल्या प्रौढांमध्ये तिने फुप्फुसांच्या क्षयाचे प्रमाण जवळपास निम्म्यावर आणले, आणि 2024 पासून दक्षिण आफ्रिकेसह पाच देशांत 20,000 पर्यंत लोकांवर तिची पुढची चाचणी सुरू आहे. तिच्यातले प्रथिन क्षयजंतूचे आहे. पण भक्षक पेशींना दिला जाणारा इशारा टीएलआर-4 ला लागणारा, सॅल्मोनेलाच्या भिंतीतून घेतलेला आहे, आणि त्याच्या जोडीला चिलीतल्या एका झाडाच्या सालीतला सॅपोनिन. फ्रॉइंडच्या मिश्रणात प्रथिन कुठलेही असे आणि इशारा क्षयजंतूचा. इथे ते नेमके उलटे झाले आहे. क्षयजंतूचा स्वतःचा इशारा, मिंकलला आणि नॉड-2 ला लागणारा, क्षयाविरुद्धच्या लशीत याहून चांगला ठरेल की नाही, ते या दोन प्रकारांची माणसांत समोरासमोर तुलना झाली तरच कळेल.